आमच्या सेलूची काळी रोटी

सेलू म्हटले की पुण्या-मुंबईच्या मंडळींना परभणीकडचे सेलू आठवते. आमचे सेलू ते नव्हे. आमचे सेलू वर्धा जिल्ह्यातले. नागपूरहून वर्ध्याला येताना वाटेत लागणारे. आमच्या नावाचे स्टेशन आहे, पण त्याचे नाव ‘सेलू रोड’, आणि ज्या स्टेशनच्या नावात ‘रोड’ असतो तेथे उतरल्यावर पुढे काय करावे लागते हे प्रवासी मंडळींना सांगावयास नको. कापूस, तूर, सोयाबीन, बोर धरणाचे पाणी आणि केळझरचा गणपती एवढे आमच्या तालुक्याचे वैभव. केळझर हीच महाभारतातली एकचक्रा नगरी असे आमच्याकडे सांगतात. म्हणजे बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न भीमाने एकट्याने फस्त केले ते आमच्याच तालुक्यात! इतक्या थोर परंपरेच्या ह्या तालुक्यात २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत एक रोटी भाजून निघायला जवळजवळ चाळीस दिवस लागले. त्या रोटीची ही हकीगत.

रोटी साधीसुधी नव्हती. रशियातली काळी रोटी. आता सेलूत आणि रशियाची रोटी कुठून आली, असे तुम्ही विचाराल. तर आमचे चिरंजीव डॉक्टरकी शिकायला सेंट पीटर्सबर्गला गेले होते. विदर्भातून रशियाला शिकायला जाणारी मुले पुष्कळ, आणि ती गेली की त्यांच्या आयांच्या मनात एक धास्ती घर करून बसते. माझी धास्ती खरी ठरली. सहा वर्षांनी चिरंजीव पदवी घेऊन आले आणि वर्षभराने सूनही आली. धास्ती खरी ठरली, पण भीती खोटी ठरली, एवढे मात्र मी येथेच सांगून टाकते. मुलगी गुणाची. वर्षाच्या आत मराठी बोलायला लागली, तीही आमच्या मावशींकडून शिकलेली, त्यामुळे पुण्याचे पाहुणे आले की त्यांची करमणूक होते. झुणका-भाकरी आवडीने खाते. वरण-भातावर तूप जास्त मागते. चार वर्षांत तिने ‘मला अमुक पाहिजे’ असे कधी म्हटले नव्हते.

ते तिने म्हटले जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तिची आजी वारली. लहानपणी ह्या पोरीला आजीनेच वाढवले होते. रोज संध्याकाळी दोघींचे फोनवर बोलणे व्हायचे आणि रोज आजीचा पहिला प्रश्न एकच असायचा, असे तिने मला एकदा सांगितले होते: आज तू कोणती रोटी खाल्लीस? सूनबाईला आठवा महिना होता. विमानाने एवढा प्रवास करणे डॉक्टरांनी, म्हणजे घरच्याच डॉक्टरांनी, साफ नाकारले. पोर दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, “आई, चाळिसाव्या दिवशी मला काळी रोटी पाहिजे. एकच काप.”

त्यांच्यात तिसरा, नववा आणि चाळिसावा दिवस पाळतात. मृत माणसाच्या नावाने एक पेला भरून ठेवतात आणि त्याच्यावर काळ्या रोटीचा काप झाकण घातल्यासारखा ठेवतात. पांढऱ्या पावाचा काप चालत नाही. आपल्याकडे पितरांच्या पानावर वडे नसले तर चालते का? तसेच हे. पेल्यात खरे म्हणजे व्होडका असते. पण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे त्याची चर्चाच नको! पेल्याचे निभावले असते. प्रश्न होता रोटीचा.

ही आजी कोण होती ते सांगितल्याशिवाय त्या एका कापाचे मोल कळणार नाही. तिचे लहानपण लेनिनग्राडमध्ये गेले. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी त्या शहराला वेढा घातला, तेव्हा ती सात वर्षांची होती. वेढा पुरता उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजी. मधल्या काळात उपासमारीने आणि थंडीने लाखो माणसे मेली. २० नोव्हेंबर १९४१ पासून २५ डिसेंबरपर्यंत तर शिधा इतका उतरला की कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम रोटी आणि बाकीच्यांना, म्हणजे कचेरीतले लोक, घरातली माणसे, मुले ह्यांना, १२५ ग्रॅम. दिवसभराचे जेवण तेवढेच. सूनबाईने एकदा घरच्या तराजूत १२५ ग्रॅमचा तुकडा तोलून दाखवला. तळहातावर मावतो. आजीची आई त्याचे तीन भाग करी, शेगडीवर वाळवी आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक देई. पुढे सुबत्ता आली तरी त्या बाईने टेबलावरचा चुरा कधी झटकला नाही. बोटाने गोळा करून तोंडात टाकायची.

आणि ती रोटी तरी कशाची? धान्य संपत आले होते, म्हणून पिठात लाकडाचा लगदा, ओटची टरफले असे काय काय घालीत. त्यातच एक नाव आले आणि आमच्या घरात एकदम शांतता पसरली. सरकीची पेंड. आमच्याकडे तिला ढेप म्हणतात आणि गाई-म्हशींना घालतात. लेनिनग्राडच्या बंदरात जहाजांच्या भट्टीत जाळण्यासाठी आणलेली हजारो टन सरकीची पेंड पडून होती. ती माणसाला विषारी असते असा समज होता. पण भट्टीच्या उष्णतेने विष मरते हे तपासून पाहिले गेले आणि ती रोटीत गेली. आमच्याकडे ह्यांचा सारा जन्म जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेला. सरकी आणि ढेप ह्यांच्या हातांनी किती पोती मोजली असतील त्याचा हिशेब नाही. ते ऐकून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोराला सांग, पीठ कुठून आणायचे ते बघ. पैशाचे पाहू नको.”

येथून आमची शोधाशोध सुरू झाली. नागपूरच्या मोठ्या दुकानांत ‘ब्राउन’ म्हणून मिळतो तो पाव गव्हाचाच. काळ्या रोटीचे धान्य निराळे. त्याचे नाव राय. ह्या नावाने आम्हाला भारी पिडले. चिरंजीवांनी दुकानात ‘राय का आटा’ मागितला, तर दुकानदाराने मोहरीची पुडी पुढे केली; हिंदीत मोहरीला राई म्हणतात ना! दुसऱ्याने मोहरी दळून देण्याची तयारी दाखवली. तिसरा म्हणाला, लोणच्यासाठी पाहिजे का? अखेर मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून टपालाने पाच किलो पीठ आले. आपल्याकडे राय पिकवीत नाहीत म्हटले तरी चालेल. ते थंडीचे, कस नसलेल्या जमिनीचे धान्य. रशिया, पोलंड, जर्मनी ह्या देशांत जेथे गहू कुडकुडून मरतो तेथे राय उभी राहते. म्हणून तिकडच्या गरिबाची रोटी काळी आणि श्रीमंताची पांढरी. आपल्याकडे ज्वारी आणि गव्हाचे नव्हते का तसेच?

भाजायला भट्टी नव्हती. पण चिरंजीवांच्या एका मित्राच्या घरी पाव करण्याचे विजेचे यंत्र नुसतेच पडून होते, ते आले. बादलीएवढे यंत्र. आत एक डबा, डब्याच्या तळाशी एक छोटे पाते. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट घालायचे, बटण दाबायचे आणि निघून जायचे. मळणे, फुगवणे, पुन्हा मळणे, भाजणे सारे त्याच डब्यात. तीन-साडेतीन तासांनी शिटी वाजते. “सेवाग्रामच्या शेजारी यंत्राची रोटी!” असे हे म्हणाले खरे, आणि गांधीजींनी जोहान्सबर्गला असताना हाताने फिरवायचे लोखंडी जाते विकत घेऊन घरीच पीठ दळले आणि घरीच रोटी केली, हेही त्यांनी ऐकवले. पण यंत्राभोवती पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ हेच घुटमळत होते.

ह्या यंत्राच्या जन्माची कथा मला मोठी गमतीची वाटते. जपानच्या मात्सुशिता कंपनीत १९८५ च्या सुमारास असे यंत्र करण्याची खटपट चालली होती. यंत्र मळायचे, पण पाव वरून करपलेला आणि आत कच्चा. मळलेल्या पिठाच्या क्ष-किरणांनी तसबिरी घेतल्या, तरी काही उमगेना. तेव्हा इकुको तानाका नावाच्या, यंत्राची आज्ञावली लिहिणाऱ्या बाईंनी एक शक्कल काढली. ओसाकातल्या सर्वांत चांगल्या पावाची ख्याती ओसाका इंटरनॅशनल हॉटेलकडे होती. तेथल्या मुख्य भटारखानेवाल्याच्या हाताखाली ह्या बाई शिकाऊ म्हणून राहिल्या. पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की तो पीठ नुसते ओढत नाही, ओढताना त्याला पीळ देतो. हे त्या माणसाने कोणाला कधी सांगितले नव्हते. त्याच्या हाताला ठाऊक होते, तोंडाला नव्हते. मग डब्याच्या आत खास कड बसवून पात्याने तो पीळ द्यावा अशी योजना झाली आणि १९८७ मध्ये यंत्र बाजारात आले. नोनाका आणि ताकेउची ह्या दोन जपानी प्राध्यापकांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात ही हकीगत दिल्यापासून ती व्यापारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. मला वाटते, ती घरोघरच्या सुनांना आणि सासवांनाही शिकवावी.

पण त्या भटारखानेवाल्याचा पीळ गव्हाचा होता, आणि आमचे पीठ रायचे. यंत्राला हा फरक काय ठाऊक? त्याने पुस्तकाबरहुकूम मळले, थांबले, पुन्हा मळले, फुगलेले पीठ खाली बसवले, भाजले, शिटी वाजवली. डब्यातून निघाली ती वीट. खालून ओली, वरून तडकलेली, मध्ये चिकट, आणि पाते आत अडकून बसलेले. चिरंजीवांनी बटणे बदलून पुन्हा एकदा केली. दुसरी वीट. सूनबाईने दोन्हींचे तुकडे वाळवून ठेवले, टाकू दिले नाहीत. तोवर अकरा दिवस गेले होते.

आमच्याकडे भाकऱ्या करायला मावशी येतात. त्यांनी ते पीठ चिमटीत घेऊन पाहिले, थोडे पाण्यात कालवले, बोटांनी ओढले आणि म्हणाल्या, “बाई, याले इरीच नाही ना! हे तं जुन्या जवारीवानी हाय. कढत पानी टाका, मंग पाहा.”

शहरातल्या नव्या गृहिणींसाठी सांगते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडा फाटतात. अशा वेळी उकळते पाणी घालून पिठाची उकड घेतात, म्हणजे ते चिकटून येते. गव्हात असतो तसला ताणणारा चिकटपणा ज्वारीत मुळातच नसतो, म्हणून पिठूळ भाग गरम पाण्याने शिजवून त्याचा डिंक करून घ्यावयाचा, हे ह्यातले मर्म. मावशींचे बोलणे मी सूनबाईला सांगितले तशी ती उठून उभीच राहिली. “जावार्का!” ती म्हणाली. रशियातही काळ्या रोटीसाठी पिठावर उकळते पाणी ओततात आणि त्याला हेच नाव देतात. लहानपणी आजीच्या घरी ऐकलेला तो शब्द. पण करताना तिने कधी पाहिले नव्हते, कारण तिकडे रोटी दुकानातून येते. नेवाकाठचा शब्द आणि बोरकाठची युक्ती आमच्या ओट्यावर एकत्र आली.

मग मी चिरंजीवांना कामाला लावले. त्यांनी वाचून काढले ते असे. रायमध्ये गव्हासारखी जाळी धरणारी प्रथिने नाहीत, म्हणून तिला कितीही मळा, फायदा नाही, उलट नुकसान. दोनदा फुगवायचे आणि मध्ये बसवायचे हेही तिला मानवत नाही. एकदाच मळावे, एकदाच फुगू द्यावे. दुसरे असे की रायच्या पिठात पिठूळ भागाची साखर करून टाकणारा एक पाचकरस फार असतो. रोटी भट्टीत तापू लागली की तो जोरात काम करतो आणि आतला भाग खळीसारखा चिकट होतो. आमची वीट ओली राहिली ती ह्याच कारणाने. ह्याला लगाम घालतो तो आंबटपणा. म्हणून खरी काळी रोटी यीस्टवर नव्हे, आंबवणावर होते. आंबट चव ही नुसती चवीसाठी नसते. जिलबीला, आंबोळीला आपण पीठ आंबवतो त्याचाच हा थंड देशातला भाऊबंद.

आंबवणाला पाच दिवस लागले. रायचे पीठ आणि कोमट पाणी समभाग, रोज त्यातले निम्मे काढून तितकेच नवे घालायचे. जानेवारीची थंडी, पहिले दोन दिवस काही हालचाल नाही. मावशींनी बरणी गोधडीत गुंडाळून अंघोळीच्या पाण्याच्या चुलीमागे ठेवली. चौथ्या दिवशी झाकण वर उचलले गेले होते आणि पिकल्या सफरचंदासारखा वास सुटला होता.

काळा रंग कशाने येतो हे दुसरे कोडे. अमेरिकेतल्या पाककृतींत कोको, कॉफी घालून रंग आणतात. सूनबाईने नाक मुरडले. त्यांच्यातली सर्वांत नावाजलेली काळी रोटी ‘बोरोदिन्स्की’. १८१२ साली नेपोलियनशी बोरोदिनो येथे लढाई झाली, त्यात तुच्कोव नावाचा सेनापती पडला. त्याची विधवा मार्गारीता हिने रणभूमीवर मठ स्थापला आणि तेथल्या जोगिणींनी ही दुःखाची काळी रोटी प्रथम केली, अशी आख्यायिका आहे. मठ खरा, विधवा खरी. पण रोटीची कृती मात्र १९३० नंतरच्या दशकात मॉस्कोत कागदावर आलेली. कोणी काही म्हणो, दुःखाची रोटी म्हणून लोकांनी ती विधवेच्या पदरात टाकली, ह्यात लोकांचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्या रोटीचा रंग येतो मोड आणून, गरम ओलाव्यात ठेवून वाळवलेल्या रायपासून, गोडी येते काकवीपासून आणि वास येतो, सांगू कशाचा? धन्याचा! आख्खे धने वरून पेरतात. आमच्या मावशींना हे कळल्यावर रशियाबद्दल त्यांचे मत एकदम चांगले झाले.

मोड आणायला आख्खी राय मिळेना. आम्ही जव भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, उन्हात वाळवले आणि लोखंडी तव्यावर तांबूस-काळपट होईपर्यंत भाजून मिक्सरमधून काढले. घरभर असा वास की शेजारच्या बाई विचारायला आल्या, कॉफी केली का म्हणून.

आंबवण तयार होण्याची वाट पाहत होतो त्या दिवसांत एका संध्याकाळी ह्यांनी सूनबाईला पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांची गोष्ट सांगितली. ती येथे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. हे क्रांतिकारक वर्ध्याचे. शेतकी शिकायला अमेरिकेला गेले, गदर चळवळीत पडले, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले आणि १९२१ साली हिंदी क्रांतिकारकांबरोबर मॉस्कोला पोचले. त्या वर्षी रशियात भयंकर दुष्काळ होता. त्यांच्या पानात काळी रोटी आली असेल तर तीही मोजूनमापूनच. पुढे ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत अध्यापक झाले, मक्यावर आणि गव्हावर त्यांनी संशोधन केले. तेथला जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा स्नेही. मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतीत त्याने १९२८ साली एक भित्तिचित्र काढले, त्याचे नाव ‘आमची रोजची भाकरी’. टेबलाभोवती सगळ्या जातींची माणसे बसली आहेत आणि मध्यभागी बसून रोटी मोडणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. ते १९६७ साली नागपुरात वारले. वर्ध्याच्या माणसाचे रोटी मोडतानाचे चित्र मेक्सिकोत आहे आणि वर्ध्यात किती जणांना ते माहीत आहे, हा प्रश्न मी विचारणार नाही. सूनबाईने ते चित्र मोबाइलवर शोधून काढले आणि मोठे करून पाहिले. “बाबा, ती रोटी काळी नाही,” एवढेच म्हणाली. त्या दिवसांत ती प्रथमच काही गमतीने बोलली.

२७ जानेवारीला वेढा उठल्याला ऐंशी वर्षे झाली. तिने खिडकीत एक मेणबत्ती लावली. आम्ही कोणी काही विचारले नाही.

तिसरी रोटी बरी झाली. चौथी चांगली झाली, पण ती तिने चाखून बाजूला ठेवली. मीठ कमी, म्हणाली. ही रोटी भाजल्यावर लगेच कापायची नसते. एक दिवस फडक्यात मुरू द्यावी लागते, नाहीतर सुरीला चिकटते. म्हणजे चाळिसाव्या दिवसाची रोटी अडतिसाव्या दिवशीच भाजायला हवी. पीठही एकाच रोटीपुरते उरले होते. नवी थैली मागवली होती, पण ती वाटेत होती.

अडतिसाव्या दिवशी संध्याकाळी पीठ छान फुगले. यंत्र भाजायला लावले आणि पंचवीस मिनिटांनी लाईन गेली. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात. दहा मिनिटांच्या आत परत आली तर आमचे यंत्र पुढे चालते. उशीर झाला तर सारे विसरते. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, भाजणीचे काम त्याला झेपत नाही. दहा मिनिटे गेली. पंधरा गेली. चिरंजीव वीजमंडळाच्या कचेरीला फोन लावीत बसले. सूनबाई यंत्राच्या झाकणावर दोन्ही हात ठेवून उभी होती, ऊब निघून जाऊ नये म्हणून.

मावशी त्या दिवशी उशिरापर्यंत थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, “रोडगे नाही का भाजत आपण?” आणि अंगणात जाऊन गोवऱ्या रचायलाही लागल्या. रोडगे म्हणजे आमच्या विदर्भातला वनभोजनाचा पदार्थ. गव्हाचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. ह्यांनी लग्नाकार्यातला मोठा पितळी गंज माळ्यावरून काढला. तळाला चार बोटे वाळू, वाळूवर तिवई, तिवईवर यंत्रातला डबा अलगद ठेवला, वर जड झाकण, झाकणावर निखारे आणि भोवतीही निखारे. किती वेळ? ते कोणाला माहीत! मावशी झाकणावर पाण्याचा हात शिंपडून, पाणी कसे नाचते त्यावरून आच ओळखीत होत्या आणि निखारे कमीजास्त करीत होत्या. सव्वा तासाने त्या म्हणाल्या, काढा. तानाकाबाई तेथे असत्या तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसल्या असत्या.

रोटी मधोमध थोडी बसली होती आणि एका बाजूला जरा जास्त काळी झाली होती. बाकी झकास. एकोणचाळिसावा दिवस ती देवघराशेजारी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून होती. सूनबाई येता-जाता तिचा वास घेत होती.

चाळिसाव्या दिवशी, १२ फेब्रुवारीला सकाळी, तिने आजीचा फोटो टेबलावर ठेवला. पेल्यात पाणी भरले. रोटी कापली, पहिला काप पेल्यावर ठेवला, त्यावर चिमूटभर मीठ टाकले. मग तिने तराजू मागितला आणि उरलेल्या रोटीतून एक तुकडा बरोबर १२५ ग्रॅमचा तोलला. त्याचे तिने पाच भाग केले आणि आम्हा चौघांना व मावशींना एकेक दिला. आम्ही उभ्या-उभ्याच खाल्ला. आंबटगोड, जड, थोडी धुराची चव, आणि दाताखाली धना. मावशींनी खाऊन झाल्यावर हात झटकला नाही. बोटाला लागलेला चुरा त्यांनी तोंडात टाकला. सूनबाई ते पाहत होती. मग ती रडली. चाळीस दिवसांत आमच्यासमोर प्रथमच. मावशींनी तिला जवळ घेतले.

आता कोणाला घरी करून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी प्रमाण. आदल्या रात्री ७५ ग्रॅम रायचे पीठ, २५ ग्रॅम भाजलेल्या जवाच्या मोडांची पूड आणि चमचाभर धनेपूड ह्यांवर पाव लिटर उकळते पाणी ओतून ढवळावे व झाकून उबेत ठेवावे. सकाळी गोडसर लागते. त्यात २०० ग्रॅम चांगले फुगलेले आंबवण, २५० ग्रॅम रायचे पीठ, १२५ ग्रॅम कणीक, दीड चहाचा चमचा मीठ, दोन मोठे चमचे काकवी आणि लागेल तसे पाणी घालावे. यंत्राला दहा मिनिटेच मळू द्यावे, मग ते बंद करून पाते काढून घ्यावे. हे पीठ कणकेसारखे होत नाही, भज्याच्या पिठापेक्षा जरा घट्ट असते. त्याला घाबरून जास्त कणीक घालू नये. ओल्या हाताने वरचा भाग सारखा करून धने पेरावेत. दीडपट फुगले की नुसत्या भाजण्याच्या बटणावर तासभर भाजावे. थंडीत फुगायला तीन तास लागतात, मे महिन्यात आमच्याकडे तासाभरातच फुगते. नीट गुंडाळली तर रोटी आठवडाभर टिकते. निखाऱ्यांचे प्रमाण विचारू नये. ते मावशींना ठाऊक.

नातू मार्च महिन्यात झाला. आता त्याला दात येत आहेत आणि त्याची आई त्याच्या हातात काळ्या रोटीची वाळवलेली कड देते. त्यांच्यात तशी पद्धत आहे म्हणे. मावशींचे म्हणणे असे की त्यापेक्षा ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा बरा. सध्या एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरे असे चालले आहे. रायच्या पिठाची नवी थैली चाळीस दिवसांनंतर तीन दिवसांनी पोचली. तिच्यातले अजून दीड किलो शिल्लक आहे.